त्यांना दिसत नाही का?

"काम जड नाही हो मॅडम, वरचा माणूस जड आहे."

सुपरमार्केट, कपड्यांची शोरूम, मोबाइलचं दुकान, मॉलमधलं चपलांचं काउंटर अशा ठिकाणी काम करणारी मुलंमुली समुपदेशनाला येतात, तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात येतंच. पगार कमी आहे हे त्यांनी स्वीकारलेलं असतं. पाय दुखतात, दिवाळीत सुट्टी मिळत नाही, हेही. झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. काउंटरवर कस्टमर अंगावर येतोय, मागे दहा माणसं खोळंबलीत, आणि ज्याने मध्ये पडायचं तो केबिनमधून बाहेर येत नाही. मग ठरलेला प्रश्न येतो, "नोकरी सोडू का?"

या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. का म्हणत नाही, ते एका मुलीच्या अनुभवातून सांगते. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या परवानगीने, सहा भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

प्रज्ञा २७ वर्षांची. नाशिकमधल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीन वर्षं बिलिंगला, आता सीनियर कॅशियर. नवरा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये, चार वर्षांची मुलगी सासूबाईंजवळ. पहिल्याच भेटीत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. राजीनामा टाइप केलेला होता. तारखेची जागा तेवढी मोकळी.

"कधी लिहिलात?"

"पाच महिने झाले. आणि मॅडम, मला अगं-तूगं करा. तुम्ही म्हटलं की स्टोअरमध्येच असल्यासारखं वाटतं."

पाच महिने राजीनामा खिशात ठेवून रोज कामावर जाणारी व्यक्ती नोकरीला कंटाळलेली असतेच असं नाही. बहुतेक वेळा ती कशाची तरी वाट पाहत असते. ते काय, हे शोधायला आम्हाला चार भेटी लागल्या.

तिची तक्रार समजून घ्यायची तर बिलिंग काउंटर कसा चालतो ते माहीत हवं. एकदा स्कॅन झालेली वस्तू बिलातून काढायचा अधिकार कॅशियरला नसतो. तूरडाळीचं पाकीट चुकून दोनदा स्कॅन झालं, किंवा बिल होता होता कस्टमर म्हणाला "हे तेल राहू द्या", तर मॅनेजरचं कार्ड किंवा पासवर्ड लागतो. नियमामागे कारण आहे. वस्तू बिलातून काढायची, ओळखीच्या माणसाच्या पिशवीत घालायची किंवा पैसे परस्पर ठेवायचे, ही काउंटरवरच्या चोरीची जुनी वाट त्याने बंद होते. पण शनिवारी संध्याकाळी साडेसातला, सहापैकी चारच काउंटर सुरू असताना, कार्डवाला माणूस आठ मिनिटं आला नाही की तोच नियम कॅशियरच्या गळ्याशी येतो. कस्टमरला नियम दिसत नाही, समोर उभी मुलगी दिसते.

दुसरी कटकट ऑफरची. दर सिस्टीममध्ये रात्रीत बदलतो, तोही बहुधा हेड ऑफिसातून. शेल्फवरची चिठ्ठी मात्र माणसाने हाताने बदलायची असते. गुरुवारी संपलेल्या ऑफरची चिठ्ठी शनिवारीही लटकत राहिली की कस्टमर म्हणतो फसवलं, आणि ते ऐकून घेते बिलिंगची मुलगी, जिचा शेल्फशी काही संबंध नाही.

तिसरी गोष्ट तिला सगळ्यांत जास्त लागली होती. महिनाअखेरीस तिच्या कॅशमध्ये ६४० रुपये शॉर्ट निघाले आणि पगारातून कापले गेले. जेवणाच्या सुट्टीत तिच्याच लॉगिनवर दुसरी मुलगी बसायची. लॉगिन हिचं, हात दुसरीचा. मग शॉर्ट कुणाची?

"सरांना सांगितलं?"

"त्यांना सगळं माहीत आहे. केबिनमध्ये सीसीटीव्ही समोरच लावलाय. माझ्या काउंटरला लाइन कुठवर गेलीय, कोण माझ्यावर ओरडतंय, सगळं त्या स्क्रीनवर आहे. तरी उठत नाहीत. त्यांना दिसत नाही का?"

हे वाक्य मी त्याच दिवशी कागदावर उतरवलं. पहिल्या भेटीत ते तिच्या तोंडून सात वेळा आलं होतं.

दुसऱ्या भेटीत मी तिला एक साधं काम दिलं. पुढचे चौदा दिवस जेव्हा जेव्हा वरच्या माणसाची गरज पडेल, तेव्हा चार गोष्टी टिपायच्या. किती वाजले, काय अडलं, मी काय बोलले तेच शब्द, आणि किती मिनिटांत सुटलं. मनात काय आलं ते लिहायचं नाही. ते तिने मला भरपूर सांगितलं होतं आणि ते खरंही होतं, पण चीड लिहून काढली की पुष्कळदा ती आणखी तापते. काउंटरवर मोबाइल न्यायची बंदी, म्हणून प्रज्ञा बिलाच्या रोलचा तुकडा फाडून त्याच्या पाठीवर लिहायची. चौदा दिवसांनी ती मुलीच्या खडूंच्या छोट्या चेनच्या पाकिटातून ३१ चिठ्ठ्या घेऊन आली.

तिसरी भेट त्या चिठ्ठ्या टेबलावर लावण्यात गेली. वस्तू बिलातून काढण्यासाठी कार्ड हवं होतं, अशा १७. ऑफर बिलाला लागत नाही, अशा ८. ब्रेकला सोडायला माणूस नाही, ४. उरलेल्या २ किरकोळ. वेळेच्या रकान्यात बघितलं तर १२ वेळा पाच मिनिटांच्या आत कुणीतरी आलेलं होतं.

तिला हे अजिबात आवडलं नाही.

"म्हणजे तुम्हीही त्यांच्याच बाजूने."

"नाही. १९ वेळा कुणी वेळेत आलेलं नाही, ते मी धरून ठेवते. त्या १९ साठीच आपण बसलोय. पण हे १२ फेकूनही देता येणार नाहीत. तू मला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतंस?"

"की सर कधीच काही करत नाहीत."

ती जरा वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. 'कधीच' या शब्दाचं असं असतं की तो एकदा तोंडात बसला की उपाय शोधायची इच्छाच मरते. जो माणूस कधीच काही करत नाही, त्याच्याकडे मागायचं तरी काय? १९ हा आकडा मात्र पकडता येतो. त्या १९ पैकी १४ शनिवार-रविवारी संध्याकाळी ६ ते ९ मध्ये होते. एवढा मोठा त्रास दोन संध्याकाळच्या तीन-तीन तासांत येऊन बसला, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

खरी गाठ सुटली ती चौथ्या भेटीत, आणि ती चिठ्ठ्यांमधल्या तिसऱ्या रकान्यामुळे. 'मी काय बोलले.' मी एकेक चिठ्ठी उचलून फक्त तेवढंच मोठ्याने वाचत गेले.

"सर, बघा ना."

"सर, काहीतरी करा."

"सर, असं कसं चालेल?"

"काही नाही बोलले, कॅमेऱ्याकडे बघितलं."

"सर, बघा ना जरा."

"नुसता हात वर केला."

आठ-दहा चिठ्ठ्यांनंतर मी थांबले आणि तिला म्हटलं, "आता खुर्च्या बदलू. तू सर हो. शनिवार आहे, साडेसात वाजलेत. हेड ऑफिसला संध्याकाळच्या सेलचा आकडा पाठवायचाय, एक फोन कानाला आहे, मागे गोडाऊनला माल उतरतोय. आणि मी प्रज्ञा." ती उठून माझ्या खुर्चीत बसली. चेहरा एकदम सरांसारखा केला, तो तिला पाठ होता. मी टेबलाच्या या बाजूने, तिच्याच सुरात म्हटलं, "सर, बघा ना."

तिने मान वर केली. "काय बघू?"

मी गप्प राहिले. तिच्या कोणत्याच चिठ्ठीवर पुढचं वाक्य नव्हतं.

"काय बघू?" तिने पुन्हा विचारलं, या वेळी जरा चिडून, अगदी मॅनेजरसारखं. आणि मग तिचा आवाजच बदलला. ती सरांच्या खुर्चीत बसलेली, पण बोलत होती स्वतःच. "मॅडम, यात मागितलंच नाहीये काही. मी नुसतं सांगतेय की मला त्रास होतोय."

आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. असे क्षण मी घाईने पुढे ढकलत नाही. समुपदेशकाने त्या वेळी एक वाक्य जरी समजावून सांगितलं, तरी ते शहाणपण समुपदेशकाचं होतं आणि समोरची व्यक्ती ते दारापाशी विसरून जाते. इतक्या वर्षांच्या कामातून एवढी एक गोष्ट मला नक्की साधली आहे, की गप्प कधी राहायचं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "का नसशील मागितलं?"

"मागायचं काय त्यात? दिसतंय की त्यांना. सांगून केलं तर काय केलं?"

"हे शेवटचं वाक्य कुणाचं?"

ती हसली, आणि डोळे भरून आले. "आईचं. बाबा बाजारातून भाजी आणायचे नाहीत, आई कधी सांगायची नाही. रात्री भांडी आपटायची. मी म्हणायचे, अगं सांग ना त्यांना. तर म्हणायची, सांगून केलं तर काय केलं." मग स्वतःच पुढे म्हणाली, "मी घरीही हेच करते. नवऱ्याला."

आपल्या घराघरांतून हे वाक्य मुलींना आणि पुष्कळ मुलांनाही आंदण मिळतं. न सांगता ओळखणं म्हणजे माया, आणि सांगायची वेळ येणं म्हणजे कमीपणा. घरात याचा त्रास होतो, पण तिथे निदान वर्षानुवर्षांची ओळख असते, माणसं कधीतरी ओळखतातही. स्टोअरमध्ये मॅनेजर दर दीड-दोन वर्षांनी बदलतो. त्याच्याकडून आपण तीच माया मागत राहतो, आणि ती आली नाही की तो आपला अपमान होतो. प्रज्ञाच्या रात्री बारापर्यंतच्या जागरणात आठ मिनिटांचा उशीर नव्हता. त्या आठ मिनिटांचा तिने लावलेला अर्थ होता, की 'यांच्या लेखी मी कुणीच नाही.'

मी तिला एक वाक्य लिहायला सांगितलं: 'सरांना न सांगता कळायलाच हवं.' मग म्हटलं, "यातला 'च' काढ आणि वाच."

"सरांना न सांगता कळायला हवं." ती थांबली. "हे नुसतं... बरं झालं असतं, असं वाटतं."

"आणि नाही कळलं तर?"

"तर सांगायचं."

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचं सार मला या एका अक्षरात सापडतं. इच्छा असू द्या, ती तीव्र असू द्या, पण तिचा हट्ट झाला की त्रास दुप्पट होतो. घटनेचा एक त्रास, आणि 'असं घडताच कामा नये' याचा दुसरा. मराठीत हा हट्ट ओळखणं सोपं आहे, कारण आपली भाषा तो 'च' लावून आपल्या हातात देते. मी माझ्याकडे येणाऱ्यांना आठवडाभर आपल्या बोलण्यातले 'च' मोजायला सांगते. त्यातून जेवढं हाती लागतं तेवढं मोठ्या चर्चांमधूनही लागत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. 'च' काढला म्हणजे मॅनेजर बरोबर ठरला असं नाही. गर्दीच्या वेळी कार्ड घेऊन काउंटरजवळ असणं हे त्याचं काम आहे आणि तो ते करत नव्हता. हट्ट सोडला की मागणी सुटत नाही, उलट ती स्वच्छ मांडता येते. अपमानाने धुमसणारा माणूस एक तर गप्प बसतो नाहीतर फुटतो. दोन्हींत काम होत नाही.

पाचवी भेट निव्वळ तयारीची होती. पहिलं काम म्हणजे काय कुणाच्या हातात आहे ते वेगळं करणं. मदत न करणारे मॅनेजर तीन तऱ्हांचे असतात. काहींना ती गोष्ट करण्याचा अधिकारच नसतो. किती माणसं ठेवायची, पगार किती, ऑफर कधी संपणार हे हेड ऑफिस ठरवतं आणि स्टोअर मॅनेजर ते स्टाफला सांगायला लाजतो. काहींना सुचत नाही. उत्तम विक्री करणाऱ्या मुलाला बढती देऊन मॅनेजर करतात, माल कसा लावायचा हे त्याला पक्कं येतं, माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलेलं नसतं. आणि काहींना करायचंच नसतं. पहिल्याकडे मागणी वर पोहोचवण्याची मदत मागायची, दुसऱ्याला थेट उपाय सुचवायचा, तिसऱ्याशी लेखी बोलायचं. माणूस कोणत्या तऱ्हेचा आहे हे एकदा नीट मागून बघितल्याशिवाय कळत नाही. चेहऱ्यावरून ठरवू नका.

वेळ ठरवणं हे दुसरं काम, आणि निम्मं अपयश इथेच असतं. शनिवार-रविवार नाही, महिन्याचे शेवटचे तीन दिवस नाही, स्टॉक मोजणीचा किंवा ऑडिटचा दिवस नाही. मंगळवार किंवा बुधवार, स्टोअर उघडल्यावर तासाभराने. कस्टमरसमोर नाही, इतर स्टाफसमोर तर नाहीच. चारचौघांत मागितलेली रास्त गोष्टही मॅनेजरला आव्हान वाटते आणि तो 'नाही' म्हणून मोकळा होतो. आदल्या दिवशी विचारून ठेवायचं, "सर, उद्या दहा मिनिटं हवी होती, बिलिंगच्या लाइनबद्दल." विषय सांगितला की समोरचा बचावाच्या पवित्र्यात येत नाही.

मग वाक्य. एका बैठकीत एकच विषय, त्यातला एक आकडा, एक उपाय, एक मुदत. प्रज्ञाने तीनदा खोडून लिहिलेलं वाक्य असं झालं: "सर, गेल्या दोन आठवड्यांत शनिवार-रविवारी संध्याकाळी सहा ते नऊमध्ये चौदा वेळा कार्डसाठी पाच मिनिटांहून जास्त थांबावं लागलं. त्या तीन तासांपुरतं फ्लोअर सुपरवायझरला कार्ड देता येईल का? येत्या शनिवारपासून करून बघू?" तिच्या पहिल्या मसुद्यात "तुम्ही केबिनमध्ये असता" हे होतं. ते काढलं. खरं होतं, पण त्या वाक्यानंतर पुढचं सगळं बोलणं केबिनवर झालं असतं.

आणखी काय बिघडतं तेही सांगते, कारण हे मी वारंवार ऐकते. पाच तक्रारी एकदम मांडल्या तर मॅनेजर त्यातली सगळ्यांत सोपी उचलतो आणि बाकीच्या विरतात. "तिला बरी सुट्टी मिळते" म्हटलं की विषय ती मुलगी होते. "सगळे असंच म्हणतात" म्हटलं तर तो विचारतो कोण कोण, आणि तुम्ही अडकता. राजीनाम्याची धमकी एकदाच चालते, आणि तीही खरोखर जायचं असेल तरच. व्हॉट्सॲपच्या स्टोअर ग्रुपवर तर एक अक्षर टाकू नये. गोडाऊनमध्ये चहा पिताना चालणाऱ्या सरांच्या गोष्टी हा वेगळाच धोका. त्याने दहा मिनिटं हलकं वाटतं, पण चीड रोज गरम करून वाढल्यासारखी ताजी राहते, आणि ती गोष्ट संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोहोचलेलीही असते.

बोलणं झालं की त्याच दिवशी फक्त मॅनेजरला दोन ओळींचा मेसेज करायचा: "सर, आज बोलल्याप्रमाणे शनिवारपासून संध्याकाळी ६ ते ९ सुपरवायझरकडे कार्ड. धन्यवाद." हा कुरापतीचा कागद नाही. कामाच्या गर्दीत असलेल्या माणसाला ही आठवण असते, आणि पुढे वर जावं लागलं तर हाताशी पुरावा. सात दिवस थांबायचं, एकदा आठवण करायची, आणखी सात दिवसांनी एरिया मॅनेजर किंवा एचआरला मेल. मेलमध्येही तेच आकडे, विशेषणं नाहीत.

कार्ड येईपर्यंतच्या मिनिटांसाठीही तिने काही ठरवलं. बहुतेक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये चालू बिल होल्डवर ठेवून पुढच्या कस्टमरचं बिल घेता येतं. तिला ते येत होतं, रागाच्या भरात ती करत नव्हती, कारण लाइन वाढलेली सरांना दिसावी असं तिला आतून वाटायचं. हे तिने स्वतः कबूल केलं, आणि ते कबूल करायला धैर्य लागतं. कस्टमरला सांगायचं वाक्यही ठरलं: "एक पाकीट जास्त लागलंय, ते काढायला कार्ड मागवलंय. तुमचं बिल होल्डवर आहे, काही जाणार नाही." चिडलेल्या माणसाला उशीर का होतोय आणि आपलं नुकसान होणार नाही, एवढं कळलं की बहुतेकदा तो शांत होतो.

प्रज्ञाने चार गोष्टी चार वेगवेगळ्या मंगळवारी मागितल्या. कार्डची मागणी त्याच आठवड्यात मान्य झाली, पाचशे रुपयांपर्यंतच्या वस्तूंसाठी. सर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" हे ऐकून तिला तिथेच रडू येणार होतं, असं ती म्हणाली. ऑफर बदलते त्या दिवशी सकाळी स्टोअर उघडण्याआधी एका हेल्परने वीस मिनिटं शेल्फच्या चिठ्ठ्या तपासायच्या, हेही ठरलं. ते कधी होतं, कधी राहतं.

काउंटरला स्टूल मिळालं नाही. "हेड ऑफिसची पॉलिसी" हे उत्तर आलं. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना बसायला जागा मिळावी, यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकान कायद्यात बदल केले. ही मागणी म्हणजे लाड नाहीत हे तिला कळावं म्हणून मी तिला हे सांगितलं. तिने स्टूलची मागणी एचआरला मेल केली आहे. मेल लिहिताना तिचा हात थरथरला नाही.

कॅश शॉर्टच्या बाबतीत पद्धत बदलली. ब्रेकला उठताना तिने स्वतःचं लॉगिन बंद करायचं. दुसरीने आपल्या लॉगिनवर, आपला ड्रॉवर आणि मोजून घेतलेली ओपनिंग कॅश घेऊन बसायचं. दुसरा ड्रॉवर नसेल तर नोटा दोघींनी मोजून कागदावर आकडा आणि दोन सह्या. ड्रॉवरमध्ये रक्कम साठली की मधेच कॅश उचलली जाते, तेव्हाची स्लिप क्लोजिंगपर्यंत, म्हणजे दिवसाअखेरचा हिशोब होईपर्यंत, सोडायची नाही. यूपीआयचं पेमेंट कस्टमरच्या मोबाइलवरचा हिरवा टिक बघून धरायचं नाही, आपल्या मशीनवर आलं तरच धरायचं. शॉर्टची निम्मी कारणं इथे संपतात. पगारातून कापण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. १९३६च्या वेतन अदायगी कायद्यातही होतं आणि २०१९च्या वेतन संहितेतही आहे, की नुकसान कामगाराच्या हलगर्जीमुळे झालं असलं पाहिजे, आणि त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय रक्कम कापता येत नाही. तिने तेवढंच लिहून पाठवलं. ६४० रुपये अजून परत आलेले नाहीत, पण त्यानंतर न विचारता काही कापलेलंही नाही.

आता ज्यांचा मॅनेजर यापुढचा आहे, त्यांच्यासाठी. मदत न करणं आणि छळणं यांत फरक आहे. शिवीगाळ, अंगाला हात लावणं, अश्लील बोलणं, कोऱ्या कागदावर सही मागणं, पगार अडवून ठेवणं, हे जिथे असेल तिथे 'च' काढत बसू नका. तिथे समुपदेशनाने मनाला आधार मिळेल, पण उपाय तक्रार हाच आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाची तक्रार घेणारी अंतर्गत समिती २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. लहान दुकान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. मोठ्या दुकानांत महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे, हा हक्क आहे. तो मागताना "सर, प्लीज ॲडजस्ट करा ना" असं म्हणायची गरज नाही.

आणि सोडायचीच असेल नोकरी, तर रागाच्या दिवशी नको. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का बघा, नेमणूक पत्रातला नोटीस काळ वाचा, पीएफच्या पासबुकात पैसे भरलेत का तपासा, अनुभवाचं पत्र आणि शेवटचा हिशोब लेखी मागा. मागून पाहिलं, लिहून पाहिलं, वर जाऊन पाहिलं आणि तरी काही हललं नाही, अशा माणसाने नोकरी सोडली तर ती नीट विचार करून सोडलेली असते. न मागता सोडली, तर तोच 'दिसत नाही का' पुढच्या दुकानात बरोबर जातो. मी हे इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलं आहे की पहिल्याच भेटीत राजीनाम्याला हो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सहाव्या भेटीला प्रज्ञा महिन्याभराने आली. राजीनाम्याचं मी विचारलं नाही, तिनेही काढलं नाही. ती सांगत होती चार नंबरच्या काउंटरवरच्या नव्या मुलीबद्दल. एकोणीस वर्षांची, लागून तीन आठवडे झालेले. रविवारी संध्याकाळी प्रज्ञाचं सहज तिकडे लक्ष गेलं, तर ती मुलगी हात थांबवून हिच्याकडेच बघत होती. लाइन फार नव्हती. प्रज्ञा तिच्याजवळ गेली.

"काय गं?"

"बघा ना ताई."

"काय बघू ते सांग. मला नाही कळत."

मुलगी घुटमळली. प्रज्ञाला वाटलं बिलात काही अडलं असेल, तिने सुपरवायझरला कार्डसाठी हात करायची तयारीही केली. तेवढ्यात ती मुलगी हळूच म्हणाली, "ताई, पाच मिनिटं सोडाल का? दोन वाजल्यापासून बाथरूमला गेले नाही."